ऊन भरपूर, वीज कमी: उष्ण कटिबंधात सोलर पॅनल बसवण्याचा आणि सांभाळण्याचा योग्य क्रम

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या पट्ट्यात सोलरबद्दलची तक्रार बहुतेक एकच असते: ‘३ किलोवॅटचे पॅनल लावले, पण रणरणत्या दुपारीसुद्धा आकडा २.४ च्या वर सरकत नाही.’ मग बसवणाऱ्याला दोष दिला जातो, नाहीतर आणखी दोन पॅनल वाढवले जातात. या पट्ट्यात उन्हाचा तुटवडा नाही. वीज वाया जाते ती उष्णता, सावली, मळ आणि दमटपणा यांच्यामुळे. त्यातल्या उष्णतेचा आणि सावलीचा बंदोबस्त पॅनल छतावर चढण्याआधीच करावा लागतो. एकदा बोल्ट कसले की फारसे काही हातात राहत नाही. म्हणून पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. सर्वात जास्त चुका पहिल्या तीन टप्प्यांत होतात, त्यामुळे त्यांना जागाही जास्त दिली आहे.

हाताशी ठेवायचे सामान: मोजपट्टी, ओळंबा, डीसी मोजणारा मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर, सूर्याचा मार्ग दाखवणारे मोबाइल ॲप, आणि पॅनल व इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरातल्या एसी विजेत बदलणारे यंत्र) या दोन्हींची डेटाशीट, म्हणजे तांत्रिक आकड्यांचा कागद. जाहिरातीचे माहितीपत्रक म्हणजे डेटाशीट नव्हे. डेटाशीट मिळत नसेल तर ते पॅनल घेऊच नका.

टप्पा १: सावलीचा हिशोब दोन्ही बाजूंनी करा

उत्तर गोलार्धात पॅनल दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. त्यामुळे मागच्या बाजूला काय आहे हे कोणी बघत नाही, आणि उष्ण कटिबंधात नेमके तिथेच फसायला होते. इथे वर्षातले काही दिवस सूर्य भर दुपारी डोक्याच्या पलीकडे, म्हणजे ‘चुकीच्या’ बाजूला जातो.

१५ अंश उत्तर अक्षांशावरचे एक छत घ्या. त्यावर पॅनलच्या पातळीपेक्षा २ मीटर उंच पाण्याची टाकी आहे. २१ जूनच्या आसपास सकाळी नऊला (घड्याळ नव्हे, सौर वेळ; म्हणजे सूर्य सर्वात वर येतो तेव्हा बारा धरून) सूर्य ईशान्य आणि पूर्व यांच्या दरम्यान असतो. टाकीची सावली सुमारे १.९ मीटर लांब पडते, पश्चिमेकडे आणि किंचित दक्षिणेला झुकलेली. २१ डिसेंबरच्या आसपास त्याच वेळी ती सुमारे ३.२ मीटर होते आणि वायव्येकडे वळते. एकाच दिवशी छतावर फेरी मारून ‘इथे सावली नाही’ असे ठरवणारा माणूस यातली एक सावली हमखास चुकवतो.

करायचे असे:

1. ॲपमध्ये २१ जून, २१ डिसेंबर आणि २२ सप्टेंबर हे तीन दिवस टाका. प्रत्येक दिवशी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजताची सूर्याची जागा पाहा.
2. टाकी, कठडा, जिन्याची खोली, डिश, विजेचा खांब, शेजारचे झाड अशा सगळ्या उंच वस्तूंची उंची आणि अंतर मोजा. झाडाची आजची उंची धरू नका. दमट उष्ण हवेत ते पाच वर्षांत कुठे पोचेल, ते धरा.
3. छताच्या नकाशावर तिन्ही दिवसांच्या सावल्या काढा. जी जागा तिन्ही वेळा मोकळी राहते, तीच पॅनलची जागा.

सावध: सिमेंटच्या स्लॅबवर उभे राहून मोबाइलचे होकायंत्र वापरू नका. आतल्या लोखंडी सळयांमुळे दिशा चांगलीच चुकते. उपग्रह नकाशावर भिंतीची दिशा बघून घेणे जास्त भरवशाचे.

बारीक सावलीसुद्धा महाग पडते. एका स्ट्रिंगमधली, म्हणजे एकापुढे एक साखळीने जोडलेली, सगळी पॅनल एकाच प्रवाहावर चालतात. एकाच्या काही सेलवर (वीज बनवणाऱ्या छोट्या चकत्यांवर) सावली आली की त्या सेल प्रवाह अडवतात. साधारण प्रत्येक पॅनलमध्ये तीन बायपास डायोड असतात. ते अडलेला एक तृतीयांश भाग वगळून बाकीचा चालू ठेवतात. जुन्या, पूर्ण सेलच्या पॅनलच्या आखूड कडेवर सलग सावली आली तर तिन्ही भाग अडतात, लांब कडेवर आली तर एकच. हाफ-कट (अर्ध्या कापलेल्या सेलचे, वर-खाली दोन भाग असलेले) पॅनल उभे लावले असेल आणि खालच्या कडेवर सावली आली तर वरचा अर्धा भाग काम करत राहतो. सावली टाळणे शक्यच नसेल तेव्हा पॅनल आडवे लावायचे की उभे, हे यावरून ठरवा. छत किती भरेल हा प्रश्न त्यानंतरचा.

टप्पा २: डेटाशीटमध्ये वॅटच्या आधी तापमान वाचा

पॅनलवर छापलेले वॅट हे प्रयोगशाळेतले असतात: प्रति चौरस मीटर १००० वॅट ऊन आणि सेलचे तापमान २५ अंश. उष्ण प्रदेशात दुपारी सेल २५ अंशावर कधीच नसते. ती किती तापेल याचा अंदाज डेटाशीटमधल्या एनओसीटी या आकड्यावरून निघतो. हा आकडा ८०० वॅट ऊन, २० अंशांची हवा आणि मंद वारा असतानाचा असतो; बहुधा तो ४५ अंशांच्या आसपास दिसतो.

हिशोब सोपा आहे. एनओसीटीमधून २० वजा करा, ८०० ने भागा, प्रत्यक्ष उन्हाने गुणा आणि हवेचे तापमान मिळवा. हवा ३५ अंश आणि ऊन १००० वॅट असेल तर ३१ अंशांची भर पडून सेल ६६ अंशांवर जाते, म्हणजे प्रयोगशाळेपेक्षा ४१ अंश जास्त.

आता ‘टेंपरेचर कोएफिशंट ऑफ पीमॅक्स’ ही ओळ शोधा; तापमान एका अंशाने वाढले की वीज किती टक्के घटते, ते ती सांगते. पर्क, टॉपकॉन आणि हेटेरोजंक्शन हे सेल बनवण्याचे प्रकार. पर्क प्रकारच्या पॅनलमध्ये ती अंशामागे उणे ०.३५ टक्क्यांच्या आसपास असते, टॉपकॉनमध्ये उणे ०.३० च्या जवळ, हेटेरोजंक्शनमध्ये उणे ०.२६ पर्यंत. ४१ ने गुणून पाहा. ५५० वॅटचे पर्क पॅनल ४७१ वर येते, हेटेरोजंक्शन ४९१ वर. म्हणजे ३ किलोवॅटला दुपारी २.५ च्या आसपास मिळत असतील तर काहीही बिघडलेले नाही, फक्त पॅनल गरम आहे.

माझे मत विचाराल तर दोन पॅनलमध्ये छापील वॅटचा फरक १० असेल आणि तापमानाच्या आकड्यात ०.०५ चा, तर उष्ण प्रदेशात दुसऱ्या फरकाला महत्त्व द्या. जिथे जागा मुबलक आहे तिथे मात्र महागड्या प्रकारामागे धावू नका. एक साधे पॅनल जास्त लावले की तेवढीच वीज मिळते.

दमट हवेसाठी आणखी दोन गोष्टी बघा. मागेही काच असलेले पॅनल ओलावा जास्त चांगला अडवते. उष्णता आणि ओलावा एकत्र आले की पीआयडी नावाचा दोष बळावतो, आणि त्यात पॅनलची क्षमता हळूहळू उतरते. त्याची चाचणी आयईसी ६२८०४ या मानकाखाली होते. समुद्र जवळ असेल तर खाऱ्या हवेची आयईसी ६१७०१ चाचणी झालेली आहे का, तेही विचारा.

टप्पा ३: स्ट्रिंगचे व्होल्टेज तापलेल्या दुपारसाठी मोजा

थंड देशांसाठी लिहिलेली मार्गदर्शके एकच धोका सांगतात: थंडीत व्होल्टेज वाढून इन्व्हर्टर जळेल. उष्ण प्रदेशात उलटा धोका जास्त. तापल्यावर व्होल्टेज उतरते आणि स्ट्रिंग आखूड असेल तर ते इन्व्हर्टरच्या एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा त्यातला भाग) मर्यादेखाली घसरते. मग ऐन दुपारी, जेव्हा सर्वात जास्त वीज यायला हवी, तेव्हाच इन्व्हर्टर रडत चालतो.

उदाहरण बघा. पॅनलचे व्हीएमपी (सर्वात जास्त वीज देतानाचे व्होल्टेज) ४२ व्होल्ट आहे. ६६ अंशांवर ते सुमारे ३६ होते. पाच पॅनलची स्ट्रिंग कागदावर २१० व्होल्टची दिसते, दुपारी ती १८० वर येते. इन्व्हर्टरची पूर्ण क्षमतेची मर्यादा २०० पासून सुरू होत असेल तर ही जोडणी फसली. सहावे पॅनल जोडले की दुपारीसुद्धा २१६ मिळतात.

वरची बाजूही तपासाच. व्हीओसी (काहीही जोडलेले नसतानाचे व्होल्टेज) ५० व्होल्ट असेल तर सहा पॅनलचे ३०० होतात. डोंगराळ भागात १० अंशांच्या पहाटे ते ३१२ पर्यंत जातात. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा याहून बरीच वर हवी.

तपासा: ढग सरकताना त्यांच्या कडेवरून परावर्तित ऊन आणि थेट ऊन एकत्र पडते आणि काही क्षण ऊन १००० वॅटच्या वर जाते. पावसाळी ढगांच्या प्रदेशात हे रोजचेच. म्हणून पॅनलच्या आयएससीला (शॉर्ट-सर्किट प्रवाहाला) १.२५ ने गुणून आलेला प्रवाह इन्व्हर्टरच्या किंवा चार्ज कंट्रोलरच्या (बॅटरीचे चार्जिंग सांभाळणाऱ्या यंत्राच्या) मर्यादेत बसतो का ते पाहा.

पूर्व-पश्चिम अशा दोन बाजूंना पॅनल लावणार असाल तर दोन्ही बाजूंना वेगळे एमपीपीटी द्या. एकाच स्ट्रिंगमध्ये दोन दिशा घालू नका. विषुववृत्ताजवळ अशा मांडणीत नुकसान थोडे होते आणि वीज सकाळ-संध्याकाळ जास्त पसरून मिळते. दिवसभर पंखे-एसी चालणाऱ्या घराला ते सोयीचेच.

टप्पा ४: स्ट्रक्चर, म्हणजे कोन, हवा आणि पकड

कोनावर लोक नको इतका वाद घालतात. योग्य कोनापासून १० अंश चुकले तरी थेट उन्हातले नुकसान दीड टक्क्याच्या आसपास असते. अक्षांशाइतका कोन ठेवा, पण अक्षांश कितीही कमी असला तरी १० अंशांच्या खाली जाऊ नका. सपाट पॅनलवर पावसाचे पाणी साचते, खालच्या कडेला चिखलाची पट्टी धरते, आणि ती पट्टी कोनातल्या चुकीपेक्षा कितीतरी जास्त वीज खाते.

एक बारकावा आहे. तुमच्याकडे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात महिनोन्महिने ढग असतील आणि आकाश हिवाळ्यात निरभ्र असेल, तर कोन अक्षांशापेक्षा थोडा जास्त ठेवा. ऊन ज्या महिन्यांत खरोखर मिळते, त्या महिन्यांचा सूर्य धरायचा.

हवेच्या बाबतीत मात्र तडजोड नको. पत्र्याला चिकटवल्यासारखे बसवलेले पॅनल टप्पा २ मधल्या हिशोबापेक्षाही जास्त तापते. छत आणि पॅनल यांच्यात किमान १० ते १५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडा, आणि खालून शिरलेली गरम हवा वरच्या कडेने बाहेर पडेल अशी वाट ठेवा. दोन्ही कडा पत्रा ठोकून बंद करण्याची टूम दिसायला नीटनेटकी असते, पण तिने पॅनलची भट्टी होते. पक्षी घरटी करतात म्हणून काही लावायचेच असेल तर जाळी लावा.

खालचे छत पांढरे रंगवणार असाल तर पॅनल चढण्याआधी रंगवा. दोन्ही बाजूंनी वीज करणाऱ्या बायफेशियल पॅनलला त्याचा फायदा होतो, पण पॅनल उंचावर असेल तरच.

क्लॅम्प (पॅनलची फ्रेम स्ट्रक्चरला आवळून धरणारी पकड) कुठे लावायचा ते उत्पादकाच्या आकृतीत दिलेले असते. साधारणपणे लांब बाजूवर, टोकापासून एक चतुर्थांश अंतराच्या आसपास. पत्र्याखालचा वासा तिथे येत नाही म्हणून क्लॅम्प सरकवला की वादळात फ्रेम वाकते. छताच्या कोपऱ्यांवर वाऱ्याचा उचल सर्वात जास्त असतो. चक्रीवादळांच्या पट्ट्यात कोपरे मोकळेच सोडा.

सावध: ॲल्युमिनियमची फ्रेम आणि गॅल्व्हनाइज्ड लोखंड थेट एकमेकांना टेकले की खाऱ्या ओलाव्यात गंज धरतो. मध्ये रबरी किंवा नायलॉनचे वॉशर घाला. समुद्रकिनारी ३०४ ऐवजी ३१६ दर्जाचे स्टेनलेस बोल्ट वापरा. स्टेनलेसवर स्टेनलेस नट मशीनने घाईत कसला तर तो आटे खाऊन जागीच जाम होतो. आट्यांना अँटिसीझ ग्रीस लावून हाताने कसा.

टप्पा ५: केबल, कनेक्टर, अर्थिंग

छतावरची केबल ७० अंशांपर्यंत तापू शकते आणि तापलेल्या तांब्याचा रोध सुमारे पाचव्या हिश्शाने वाढतो. इन्व्हर्टर ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर केबल होते. ४ चौरस मिलिमीटरची केबल १३ अँपियरला तापलेल्या अवस्थेत जवळपास ४.८ व्होल्ट खाते, ६ ची सुमारे ३.२. आपल्या २१६ व्होल्टच्या स्ट्रिंगवर ही घट अनुक्रमे २.२ आणि १.५ टक्के पडते. ती २ टक्क्यांच्या आत ठेवायची म्हणजे इथे ६ चीच घ्यायची.

- एमसीफोर कनेक्टरच्या (पॅनलच्या केबल एकमेकींना जोडणाऱ्या खटक्याच्या) दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या घ्या. वरून बसतात म्हणून वेगवेगळ्या जोडल्या तर संपर्क सैल राहतो, जागा तापते आणि वितळते.
- कनेक्टर स्लॅबवर लोळत ठेवू नका. पॅनलखाली बांधा, आणि केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता झोळातून ठिबकेल.
- साधे प्लास्टिकचे टाय उन्हात ठिसूळ होऊन तुटतात. स्टीलचे किंवा अतिनील किरणांना टिकणारे काळे टाय वापरा.
- प्लस आणि मायनस केबल शेजारी-शेजारी न्या. दोघींच्या मध्ये मोठा वेढा सुटला की जवळपास वीज पडताना त्यात मोठे व्होल्टेज निर्माण होते. गडगडाटी पावसाच्या प्रदेशात डीसी आणि एसी अशा दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्टर हवेत, आणि फ्रेम-स्ट्रक्चरची अर्थिंग सलग हवी.

सावध: ऊन असेपर्यंत पॅनल ‘बंद’ होत नाही. चालू प्रवाहात कनेक्टर ओढला तर डीसीची ठिणगी विझत नाही. आधी इन्व्हर्टर बंद करा, मग डीसी आयसोलेटर (पॅनलची लाइन तोडणारा स्विच), शेवटी कनेक्टर सोडा. जोडणीचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

टप्पा ६: इन्व्हर्टर आणि बॅटरीची जागा

बरेच इन्व्हर्टर भोवतालची हवा ४५ ते ५० अंशांच्या वर गेली की स्वतःला वाचवण्यासाठी उत्पादन कमी करतात. पश्चिमेची भिंत, पत्र्याखालचा पोटमाळा, बंद कपाट, या तिन्ही जागा बाद. दिवसभर सावलीत राहणारी आणि वारा लागणारी भिंत निवडा. डेटाशीटमध्ये बाजूंना आणि वर जेवढी मोकळी जागा सांगितली असेल तेवढी सोडा, आणि एकावर एक दोन इन्व्हर्टर टांगू नका. खालच्याची गरम हवा वरचा पितो.

बॅटरीला उष्णता इन्व्हर्टरपेक्षाही जास्त बाधते. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांमागे जवळपास निम्मे होते. चार्ज कंट्रोलरचा तापमान सेन्सर बॅटरीच्या अंगाला चिकटवलेला हवा. कित्येक ठिकाणी तो पिशवीतच राहून जातो आणि बॅटरी वर्षभर जास्त चार्ज होऊन पाणी पीत राहते. लिथियम आयर्न फॉस्फेटला चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंशांच्या आसपास असते, तेव्हा तीही घरातल्या गार कोपऱ्यात.

टप्पा ७: चालू करण्याआधीची मोजणी

इन्व्हर्टरला जोडण्याआधी प्रत्येक स्ट्रिंगचे व्हीओसी मोजा. सहा पॅनलचे ३०० यायला हवेत असे धरून बसू नका. सेल ६० अंशांवर असेल तर अपेक्षित आकडा २७२ च्या आसपास आहे. मीटर २२६ दाखवत असेल तर एक पॅनल साखळीत आलेलेच नाही. १८१ दाखवत असेल तर एक पॅनल उलटे जोडले आहे: ते स्वतःचे व्होल्टेज देत नाहीच, शिवाय दुसऱ्या एकाचे खाऊन टाकते. उणे चिन्ह दिसले तर पूर्ण स्ट्रिंगच उलटी आहे.

हे आकडे, वेळ आणि हवेचे तापमान वहीत लिहून ठेवा. तीन वर्षांनी शंका आली की तुलना करायला हाच एक पुरावा असतो.

टप्पा ८: सफाई

किती दिवसांनी धुवायचे, याचे एकच उत्तर नाही. दोन सारख्या स्ट्रिंग असतील तर एक धुवा, दुसरी तशीच ठेवा आणि पुढच्या निरभ्र दिवशी युनिट ताडून पाहा. फरक ४-५ टक्क्यांच्या वर गेला तर धुण्याची वेळ झाली आहे. एकच स्ट्रिंग असेल तर धुण्याच्या आदल्या आणि नंतरच्या निरभ्र दिवसाची तुलना करा.

पहाटे धुवा. दवाने मळ आधीच भिजलेला असतो आणि काच थंड असते. तापलेल्या काचेवर गार पाणी मारले तर ती तडकू शकते. मऊ कापड किंवा मऊ ब्रश, भरपूर पाणी, वायपर. डिटर्जंट, राख, घासणी, प्रेशर वॉशर यातले काहीही नको. पाणी जड असेल तर वायपरने लगेच ओढून घ्या, नाहीतर क्षारांचा पांढरा थर मळापेक्षा हट्टी निघतो. पक्ष्यांची वाळलेली शीट खरवडू नका. ओले फडके त्यावर थोडा वेळ ठेवा, ती सुटते.

‘पाऊस धुऊन काढतो’ हे अर्धेच खरे. पाऊस वरची धूळ नेतो, पण खालच्या फ्रेमपाशी ती साचते, आणि दमट हवेत तिथेच हिरवे शेवाळ धरते. हात फिरवायचा तो त्या पट्टीवर.

सावध: पॅनलवर पाय ठेवू नका, बसूही नका. काच टिकते, आतल्या सेलना केसासारखे तडे जातात. काच फुटलेली असेल तर त्या पॅनलवर पाणी घालू नका, शॉक बसू शकतो.

टप्पा ९: आलेख वाचायला शिका

आठवड्यातून एकदा इन्व्हर्टरचा दिवसाचा आलेख बघा. दोष बहुधा त्याच्या आकारातच दिसतो.

- रोज ठराविक वेळी पडणारी खाच म्हणजे सावली. महिन्यागणिक वेळ सरकत असेल तर नक्कीच.
- निरभ्र दुपारी वरून सपाट कापल्यासारखा आलेख म्हणजे इन्व्हर्टरची कमाल क्षमता गाठली. थोडा वेळ असेल तर चिंता नको.
- चांगला चढत असताना दुपारी साडेबारानंतर खाली वाकणारा आणि वारा नसलेल्या दिवशीच दिसणारा आलेख म्हणजे इन्व्हर्टर तापून मागे सरतो आहे. टप्पा ६ कडे जा.
- आकार ठीक, पण दिवसभर एका ठराविक हिश्शाने कमी: एखादी स्ट्रिंग, फ्यूज किंवा कनेक्टर गेला.
- पावसानंतर सकाळी ‘आयसोलेशन फॉल्ट’ आणि ऊन चढल्यावर आपोआप सुरू: कुठेतरी पाणी शिरते आहे. दुपारी चालते म्हणून सोडून देऊ नका. सोललेली केबल किंवा ओला कनेक्टर शोधा, तेही सगळे सुकण्याआधी.

एकूण तब्येत पाहायची असेल तर दिवसाचे युनिट भागिले (पॅनलचे किलोवॅट गुणिले पॅनलच्या पातळीवर पडलेले ऊन). ३.३ किलोवॅटचे पॅनल आणि ५.५ युनिट प्रति चौरस मीटर ऊन असेल तर आदर्श १८.१५ युनिट. १४ मिळाले तर ७७ टक्के झाले, उष्ण हवेत ते ठीकच म्हणायचे. निरभ्र दिवसांत आकडा ७० च्या खाली राहू लागला तर वरची यादी घेऊन छतावर जा.

पावसाळ्याआधी: क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा कसा, सर्ज प्रोटेक्टरची खिडकी लाल झाली आहे का ते पाहा, जंक्शन बॉक्समध्ये मुंग्या-पालींनी घर केले असेल तर साफ करून ग्लँड (केबल आत शिरते ते तोंड) बंद करा. पावसाळ्यानंतर: खालच्या कडेचे शेवाळ काढा, अर्थिंगच्या जोडांवरचा गंज घासा, आणि पावसात फोफावलेल्या फांद्या टप्पा १ मधल्या नकाशाशी ताडून छाटून टाका.